मापाचा माणूस

“हलू नका!”

मी एवढंच ओरडले, तर नागावच्या किनाऱ्यावर माडाखाली उभा असलेला तो तरुण डोकं धरून मटकन खालीच बसला.

“पडला का नारळ?” त्याने डोळे मिटूनच विचारलं.

“नारळ नाही हो… मला तुमचं माप हवंय. डायनोसॉरसाठी!”

त्याने एक डोळा उघडला. “माणसं खातो का?”

“हा पाला खातो.”

“मंग ऱ्हातो उभा.”

इतका गोड घाबरट माणूस मी पाहिला नव्हता! मी नेत्रा, माणगावची; सध्या नागावातच खोली घेऊन राहत होते. लहान मुलांसाठी प्राचीन प्राण्यांच्या पुस्तकाची चित्रं काढत होते. प्रत्येक प्राण्याशेजारी एक माणूस काढायचा, म्हणजे प्राणी केवढा होता ते मुलांना कळतं. माझा माणूस ठरला विनेश. पर्यटकांना बोटीतून फिरवायचा आणि ओहोटीला मोकळा झाला की माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. मी बघत राहायचे… कामापेक्षा जरा जास्तच.

मग एक दिवस पुस्तकाच्या संपादक राहीताईंचा फोन आला. “नेत्रा, हा मॅमथ हत्ती बकरीएवढा का गं?”

सगळी चित्रं पसरली आणि कपाळावर हात मारला. पानागणिक विनेश वाढत गेला होता! मॅमथ त्याच्या कमरेला लागत होता. प्रेमात पडलेल्या बाईच्या हाती पट्टी देऊ नये, हेच खरं.

“उद्यापर्यंत सुधार, नाहीतर दुसऱ्या कुणाला देते,” ताई म्हणाल्या.

टेप घेऊन धावतच किनाऱ्यावर गेले. विनेश माडाला टेकून उभा राहिला.

“टाचा खाली.”

“हायेत की.”

“विनेश!”

टाचा टेकल्या. तो माझ्याहून दोन बोटं कमीच भरला. त्याचा चेहरा उतरला.

“दोन स्थळांनी यापायीच न्हाय सांगितलं,” तो पुटपुटला. “आता तूपण मोजलंस…”

मी टेप गुंडाळून ठेवली.

“पुस्तकात तू आहेस तेवढाच काढणार. मुलांना खोटं सांगायचं नाही.”

“व्हय… काढ.” त्याने तोंड फिरवलं.

“आणि आईलाही खरंच सांगणार — मुलगा माझ्याहून बुटका आहे, आणि मला तोच हवाय.”

तो गर्रकन वळला. कान लालबुंद!

“एवढ्या जनावरांम्होरं उभा ऱ्हायलो,” तो म्हणाला, “तुझ्या आईम्होरंपण ऱ्हातो. कवा येऊ… उद्या?”

“उद्या नको,” मी त्याचा हात धरला. “उद्या मॅमथ वाढवायचाय. परवा ये.”