एक मीटर अठ्ठेचाळीस

एव्हारिस्तो पुलिदो पुराचं नुकसान मोजायचा आणि पुरात सापडलेल्यांना मूर्ख समजायचा. डोंगरातल्या मानिसालेस शहरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला ते परवडतं. त्याच्याकडे एक तक्ता होता. घरात पाण्याची खूण दीड मीटरच्या वर गेली तर घर गेलं, सरकार उंचावर नवं देणार. खाली राहिली तर नुसती डागडुजी. हा तक्ता डोंगरातल्या विटांच्या घरांवरून केलेला होता. या दीडशहाण्याने तो समुद्रकिनारी वापरला, खोऱ्यात वापरला आणि आता ला मोहानाच्या पाणथळीत आणला. त्याच्या मते भिंत ती भिंत आणि पाणी ते पाणी.

ला मोहानात पाणी चढलं की लोक घर सोडत नाहीत. घरातच फळ्यांची जमीन वर वर चढवत नेतात. ज्याच्याकडे जेवढ्या फळ्या, तेवढी त्याची जमीन उंच. यंदा बांध फुटला आणि पाणी फळ्यांच्याही वर गेलं. बेडकालासुद्धा यांच्यापेक्षा अक्कल असते, असं एव्हारिस्तो नावाड्याला म्हणाला. नावाडी वल्हवत राहिला.

पहिल्या घरात त्याने फळ्यांपासून गाळाच्या रेघेपर्यंत टेप धरली. एक मीटर अठ्ठेचाळीस. दुसऱ्या घरातल्या फळ्या हातभर उंच होत्या. तिथेही अठ्ठेचाळीस. तिसऱ्या घरात फळ्या पार खाली, तरी अठ्ठेचाळीस. पाणी तर सगळीकडे एका पातळीत असतं. म्हणजे यांनी हाताने चिखल फासला, असं त्याने ठरवलं. आणि फसवायचंच होतं तर दोन बोटं वर फासायचं; तेवढंही या गावंढळांना जमलं नव्हतं. त्याला मनापासून हसू आलं.

शेवटचं घर लिओनिसा आर्रिएताचं. तिची आई याच खोलीत बुडाली होती. बाप उरला होता, तो झुल्यात पडून असे. त्याला चालता येत नव्हतं. ऑक्टोबरच्या पावसाआधी उंचावर घर मिळालं नाही तर बापाचीही तीच गत होणार, हे तिने रडगाणं न लावता सांगितलं. एव्हारिस्तोने टेप काढली.

"डॉक्टर, खालच्या मातीपासून धरा," ती म्हणाली. तिकडे हातात कागद असलेल्या कुणालाही डॉक्टरच म्हणतात. "या फळ्या आम्ही चढवल्यात."

"बाई, मी उभा आहे ती जमीन."

एक मीटर अठ्ठेचाळीस. आकडा नीट वाचायला तो भिंतीजवळ सरकला. लिओनिसा त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"रेघ तुमच्या हनुवटीला टेकली," ती म्हणाली. "मागच्या पुरानंतर आले ते डॉक्टर ठेंगणे होते. त्यांनाही घरोघर हनुवटीलाच आली."

त्या माणसाला एव्हारिस्तो ओळखत होता. तो आपल्या घरी, कोरड्या अंथरुणात बुडून मेला होता. कचेरीत त्यावर कुणी बोलत नसे.

"दोन सेंटिमीटर कमी पडतात," एव्हारिस्तो म्हणाला आणि त्याने 'डागडुजी' लिहिलं.

झुल्यातला म्हातारा पहिल्यांदाच बोलला. "लिओनिसा, त्यांना जाऊ दे. त्यांना घर गाठायचंय."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एव्हारिस्तोने चौथ्या मजल्यावरचं आपलं दार उघडलं. खिडकीत लख्ख ऊन होतं. आत नदीचा वास होता.

भिंतीवर गाळाची रेघ होती. ती कपाटावरून, चौकटीतल्या फोटोवरून, स्वयंपाकघराच्या दारावरून सरळ गेली होती.

शेजाऱ्यांनी खोडी केली असणार. सगळे बिनडोक. त्याने बोट लावलं. रेघ ओली होती.

सवयीने त्याने टेप धरली. एक मीटर बासष्ट.

त्याच्याच तक्त्याप्रमाणे हे घर गेलं होतं.

तो भिंतीला चिकटून उभा राहिला. रेघ वरच्या ओठाच्याही वर आली होती. हनुवटी अठ्ठेचाळीसवर, मग ओठावर बासष्ट कसं? आकडा चुकला असेल म्हणून त्याने खाली, टेपच्या टोकाकडे पाहिलं. टेप नीट जमिनीला टेकलेली होती.

त्याच्या टाचा तेवढ्या टेकलेल्या नव्हत्या. दार उघडल्यापासून तो, नाक पाण्याबाहेर ठेवणाऱ्यासारखा, चवड्यांवरच उभा होता.