बारा चाळीसची फेरी

पुराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी टेलरच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून आधी औषधांची पेटी आत आली, मग चिखलाने भरलेला एक गमबूट आणि त्याच्यामागोमाग एक नर्स.

"दादा, बघत काय उभे राहिलात? हात द्या!"

टेलरने हात दिला. तिचा हात पावसाने गारठलेला होता; पकड मात्र घट्ट होती. खाली होडीत आरोग्य केंद्राचा ड्रायव्हर वल्हं धरून बसला होता. ॲम्ब्युलन्स पाण्याखाली गेल्यापासून तो होडी चालवत होता, आणि ती भिंतीला लावताना सवयीने स्वतःलाच "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता.

खालचं दुकान बुडालं होतं. शिलाई मशीन आणि कापडाचे तागे टेलरने कसेबसे वर आणले होते, पण आदल्या संध्याकाळी फ्रिज बुडाला आणि त्याच्याबरोबर आईचं इन्सुलिनही. आईच्या पायाला जखम होती, साखर वाढलेली. एक दिवस जरी चुकला तरी पाय धोक्यात, हे त्याला डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

"आपल्या मोठ्या सिस्टर कुठायत गं?" आईने विचारलं.

"त्यांचं घर गेलं पाण्यात, मावशी. त्या केंद्राच्या गच्चीवर ताडपत्री बांधून पेशंट तपासतायत. मला पोहता येतं, म्हणून मी होडीत."

"चांगलं पोहता?" टेलरने विचारलं.

"बुडत नाही, एवढं."

तिने इंजेक्शन दिलं, जखम धुतली, पट्टी बांधली आणि आईच्या कार्डावर वेळ लिहिली : ८:१०.

"उद्या कधी याल?"

"आठ दहाला."

"आणि पाणी वाढलं तर?"

"तर बरंच. होडी उंच येईल, खिडकीत चढायला सोपं पडेल." खिडकीत एक पाय टाकून ती थांबली. "आणि हे बघा, सगळं ठीक असेल तर पांढरं कापड बाहेर लटकवायचं. तातडीचं असेल तर लाल. होडी एकच आहे आणि घरं अडतीस. नीट लक्षात ठेवा, दादा."

"दादा नका म्हणू."

"का? वाईट काय आहे त्यात?"

टेलर खिडकीबाहेर बघू लागला. खाटेवरून आई म्हणाली, "त्याला धाकटी बहीण नकोय, बाई."

दुसऱ्या दिवसापासून ती त्याला 'टेलर' म्हणू लागली. आठ दहा म्हणजे आठ दहा. फार तर आठ पंधरा. एकदा तिचा रेनकोट खांद्यावर फाटलेला दिसला, तर ड्रेसिंग होईपर्यंत त्याने तो शिवून ठेवला.

"एवढ्यात झाला?"

"तुमच्या पट्टीएवढाच वेळ लागला."

तिने टीप निरखून पाहिली. "दुहेरी घातलीत."

"पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये ना..."

ती हसली. त्या हसण्याने टेलरचा पुढचा अख्खा दिवस वाया गेला.

सातव्या दिवशी ती जेमतेम सहा मिनिटं थांबली. दुपारी तो खिडकीशी उभा होता. पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी होडी दिसली. टेलरच्या हातात लाल कापडाचा तुकडा होता. आईचा पाय जरा सुजल्यासारखा वाटतोय, असं त्याने स्वतःला समजावलं — आणि कापड बाहेर लटकवलं.

होडी वळली.

ती धापा टाकत आत आली. पाय पाहिला, साखर तपासली, नाडी पाहिली. सगळं ठीक होतं.

"काय झालं होतं, टेलर?"

"काही नाही... सहजच. वाटलं, तुम्ही चहा घेऊन जाल..."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कार्डावर वेळ लिहिली : १२:४०.

"त्या गल्लीत एका म्हाताऱ्यांना दम लागलाय. ऑक्सिजनचं सिलिंडर ह्याच होडीत आहे." आणि ती गेली.

"माझ्यासमोर येऊ नकोस," आई म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहून तिने कपाळाला हात लावला. "आणि जाशील तरी कुठे, मेल्या!"

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने सांगितलं, "आजोबा वाचले. पण वीस मिनिटं उशीर झाला. थोडक्यात निभावलं."

टेलर मशीनला बसला. लोक हाताला येईल ते कापड लटकवत होते — विटकी गुलाबी चादर, नारिंगी टॉवेल — आणि लांबून होडीला काही कळत नव्हतं. त्याने अडतीस लाल आणि अडतीस पांढरी निशाणं शिवली. प्रत्येकाला दुमड, प्रत्येकाला बांधायला दोन नाड्या. सकाळी गठ्ठा तिच्या हातात दिला.

"उपयोगी आहे," ती म्हणाली. पुढचे दिवस ती फक्त आईशी बोलली, तेही जखमेबद्दल.

अकराव्या दिवशी पाणी उतरलं. तीन आठवड्यांनी वस्तीने शाळेच्या हॉलमध्ये केंद्राच्या लोकांचे आभार मानायचं ठरवलं. निशाणं शिवणारा म्हणून टेलरलाही बोलायला उभं केलं. त्याने खिशातून आईचं कार्ड काढलं.

"मला भाषण येत नाही. हे वाचतो. आठ दहा. आठ दहा. आठ पंधरा. आठ दहा..." त्याने कार्ड खाली केलं. "अडतीस घरं होती. एकाही पेशंटचा एकही दिवस चुकला नाही. ज्यांची स्वतःची घरं बुडाली होती, त्यांनी हे केलं. ह्यात एक वेळ बारा चाळीसची आहे. ती फेरी माझ्यामुळे पडली. मी खोटं लाल कापड लावलं होतं आणि एक माणूस जिवाला मुकला असता. आभार मानायच्या आधी माफी मागायची होती."

तो खाली बसला. समोरच्या रांगेतल्या मोठ्या सिस्टर पदराने डोळे पुसत होत्या. त्यांच्या शेजारची मात्र त्याच्याकडे एकटक बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानाचं शटर वर केलं आणि सहज समोर पाहिलं. लांब, घरांच्या पलीकडे, आरोग्य केंद्राच्या गच्चीवर लाल निशाण फडकत होतं. दुमड त्याचीच, नाड्याही त्याच्याच.

गळ्यात टेप, हातात कात्री, तसाच तो धावत सुटला. तीन जिने चढून गच्चीवर पोचला, तेव्हा त्याला बोलवत नव्हतं.

"कोण... कोणाला... काय झालं?"

ताडपत्रीखाली ती बसली होती. समोर दोन कप चहा.

"काही नाही. सहजच. वाटलं, तुम्ही चहा घेऊन जाल." तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं. आमच्या होडीपेक्षा बरे आहात. बसा, फिट्टंफाट झाली."

तो बसला. कात्री खाली ठेवून त्याने कप उचलला.

"मावशींची जखम भरली," ती म्हणाली. "काल मोठ्या सिस्टरांनी पाहिली. आता ड्रेसिंग बंद."

"म्हणजे... तुम्ही यायच्या नाहीत."

"कार्ड द्या."

कार्ड कालच्याच खिशात होतं. शेवटचा एक रकाना रिकामा होता. तिने त्यात लिहिलं : ८:१०.

"ही कोणाच्या औषधाची वेळ?"

"औषधाची नाही. माझी." तिने पेनला टोपण लावलं आणि पहिल्यांदाच नजर चुकवली. "मावशींना सांगा, रविवारी येते. ह्या वेळी दारातून."