शांतारामच्या फियाटीचं वायरिंग

बाहेरचा दिवा चालू राहू दे. आणि सिद्धेश, तुझा तो मोबाईल पालथा ठेव. मध्येच पेटला तर आधी मीच दचकेन. मी सांगतो ती कुठे वाचलेली गोष्ट नव्हे. आपल्या चांदेलच्या शांतारामवर गुदरलेली आहे. तो स्वतः तोंड उघडत नाही, म्हणून मला सांगावी लागते.

शांताराम मूळचा दोडामार्गचा. डिचोलीला खाणीच्या ट्रकांवर वीस वर्षं ड्रायव्हर होता. त्याच ट्रकांचं वायरिंग बघायचा कृष्णनाथ. दोघांचा डबा एक, विडी एक. खाणी बंद पडल्या तशी शांतारामने जुनी फियाट घेतली आणि कृष्णनाथने डिचोलीतच गाड्यांच्या वायरिंगचं दुकान घातलं.

२०२४च्या डिसेंबरात शांतारामची मुलगी अंकिता बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण. फियाटीच्या वायरी तर हात लावला की पापडासारख्या मोडत होत्या. रात्री-अपरात्री म्हापशाच्या हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर गाडी धड हवी, म्हणून त्याने तयार वायरिंगचं अख्खं किट मागवलं. ते खोकं मागच्या सीटवर टाकून गाडी कृष्णनाथच्या दारात नेऊन उभी केली.

चौथ्या दिवशी गाडी मिळाली. बॉनेटखाली जिकडेतिकडे नवीकोरी काळी टेप. "जुनी वायर भायर काडून उडयलंय," कृष्णनाथ म्हणाला. "आता धा वर्सां बगूक नको." वर त्याने बॉनेटवर नारळ ठेवला आणि राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, "सगळी नवी वायर घातल्या, हे गाडयेत बसतल्यांक सांभाळ रे म्हाराजा!" शांताराम हात जोडून "होय म्हाराजा" म्हणाला.

आता देवाच्या कानावर घातलेलं काम कोण उचकटून बघतो? टेपचं एक टोक सोडवलं असतं तरी पुरे होतं. पण तो राखणदारावर अविश्वास झाला असता. मीही बघितलं नसतं, उगाच शहाणपणा कशाला करू?

आठ दिवस गाडी झकास चालली. मग आली तीस तारीख. सोमवती अमावास्या. रात्री साडेबाराला अंकिताला कळा सुरू झाल्या.

"आंबुलन्साक फोन कर," त्याची बायको पार्वती म्हणाली.

"कित्याक? आपली गाडी आसा मगे!"

निघाले. पार्वती आणि अंकिता मागे. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, घर नाही, मोबाईलला रेंज नाही. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. आधी जळका वास आला. मग हेडलाईट पिवळे पडले. मग विझले. इंजिनही गेलं. गाडी आपल्याच वजनाने थोडी घरंगळली आणि थांबली.

शांतारामने मोबाईलच्या उजेडात बॉनेट उघडलं. नवी टेप वितळून लोंबत होती. आत जुनीच वायर. त्याने स्वतः कधीतरी निळ्या दोरीने बांधलेली, तीच. मधोमध जळून तुटलेली. दोन टोकांत चार बोटांचं अंतर. ओढून बघितली, पोचेना.

त्याला भीती नाही वाटली. रडू आलं. वीस वर्षं एका डब्यातून जेवलेला माणूस. त्याने फसवलं ते फसवलं, वर देवालाही साक्षीला घेतलं. आणि मागे पोर कण्हत होती.

"कृष्णनाथा!" तो रानात ओरडला. "देवाम्होरां खोटां बोललंस रे मेल्या!"

रान गप्प. रातकिडेसुद्धा गप्प...

तो येऊन स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. बॉनेट उघडंच होतं.

धप्प.

बॉनेट मिटलं. समोर कुणी नव्हतं. वारा... तोही नव्हता. पार्वतीने मागून त्याचा दंड धरला.

मग आवाज आला. इंजिनाच्या बाजूने. अगदी हळू.

"सेल्फ मार."

"...कोण?"

शांतारामने काचेतून पुढे वाकून बघितलं.

"कोण आसा?"

"सेल्फ मार, शांत्या."

शांत्या म्हणणारा माणूस जगात एकच. शांतारामने चावी फिरवली. इंजिन लागलं. दिवे लागले. रस्ता रिकामा.

म्हापशापर्यंत गाडी कुठेच थांबली नाही. पावणेतीनला अंकिताला मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

उजाडल्यावर त्याने हॉस्पिटलच्या आवारात बॉनेट उघडलं. वायर तशीच तुटलेली. तेच चार बोटांचं अंतर. सेल्फ मारला, तर टिक् सुद्धा नाही.

तो बसने डिचोलीला गेला. कृष्णनाथची मानगूट धरायला. आवाज त्याचाच होता, म्हणजे हा रात्री तिथे कुठेतरी लपून मजा बघत होता, असंच त्याला वाटत होतं. घरापुढे माणसं बसलेली. कृष्णनाथ रात्री दहालाच गेला होता. छातीत कळ आली आणि संपलं. मुलगा पुण्याहून यायचा म्हणून ठेवला होता.

आत कोपऱ्यात त्याच्याच किटचं खोकं. उघडलेलं, पण आतली वायर प्लॅस्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी. त्याची नजर गेलेली कृष्णनाथच्या बायकोने, रुक्मिणीने, बघितली.

"आतलो कागद इंग्लिश," ती म्हणाली. "हेंका कायच समजूक नाय. तुमका सांगूक लज दिसली."

लाज! माझ्या पोरीच्या जिवापेक्षा मोठी? शांतारामच्या ओठांवर आलं होतं. मेलेल्याचं तोंडही बघायचं नाही, असं ठरवून तो वळला. पोरांनो, त्याने आजपर्यंत कृष्णनाथला माफ केलेलं नाही. मी विचारलं की उठून जातो.

"भाऊ, इतकां तरी बगा," रुक्मिणी म्हणाली. तिने चादर बाजूला केली. "रातभर ह्यो हात माज्या हातात होतो. थंडगार. एक वाजून गेलो आनी एकदम तापलो... माका चटको बसलो."

उजवा हात. अंगठा आणि पहिलं बोट घट्ट मिटलेली. दोन्ही कोळशागत करपलेली.

आणि चिमटीत तांब्याची तार.

ओढून बघितली सगळ्यांनी. निघाली नाही. तशीच चितेवर नेली.