घराचा वाटा

सहासष्ट दिवसांचा सम्राट आपल्या जागी परत आला होता.

नाताळच्या आदल्या दिवशी संग्रहालयातून रोमन सम्राट दिदियस युलियानसचं सोन्याचं नाणं नाहीसं झालं. रिकामा खण पहारेकरी रादोयेनेच पाहिला आणि आळही त्याच्यावरच आला. आज, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाणं खणात होतं. कुलूप शाबूत. किल्ल्या दोघांकडेच: रादोये आणि नाण्यांची देखभाल करणारी विदोसावा.

"घाबरून ठेवून गेला," विदोसावा म्हणाली. "नोकरी गेलीच बिचाऱ्याची."

इन्स्पेक्टर देसांकाने भिंग लावलं. सम्राटाच्या दाढीत पांढुरका कण अडकला होता. तिने तो काडीने बशीत काढला आणि त्यावर जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब टाकला. कण निळाकाळा झाला.

तिने रादोयेला बोलावलं. "काल काय खाल्लंत?"

"चेष्टा करता, बाई? पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तुमच्याच चौकीत होतो. नाताळला थंड घेवडा! विचारा या विदोसावाबाईंना, यांच्याच वरच्या मजल्यावर राहतो मी. दोन दिवस चूल गार आहे."

"तुम्ही, विदोसावाबाई?"

"एकटीसाठी कोण पीठ मळतं? बेकरीतून साधा पाव आणला."

देसांकाने मान हलवली. "मीही एकटीच. तरी नाताळची चेस्नित्सा भाजते, त्या पावात नाणं घालते. तोडली की एक वाटा माझा, एक घराचा. यंदा नाणं मला मिळालं. तुम्हाला?"

"नाही, घराच्या—"

विदोसावा थांबली.

"आयोडीनने निळं होतं ते पीठ," देसांका म्हणाली. "हे नाणं पावात होतं. चेस्नित्सा नाताळच्या सकाळी भाजतात, तेव्हा रादोये माझ्यासमोर होता. आणि बेकरीच्या साध्या पावात घराचा वाटा नसतो."



"तीस वर्षं साधं दिनाराचं नाणं घालते," विदोसावा म्हणाली. "लपवणारी मी, शोधणारी मी. कुणी हिसकावत नाही, भांडत नाही. वसंतात हा सम्राट राजधानीच्या संग्रहालयात जाणार. म्हटलं, एक दिवस पाहुणा असू दे. त्याचाही वाटा ठेवला. तोही एकटाच मेला ना, राजवाड्यात. कुणाला कळायच्या आत गुपचूप परत ठेवणार होते. रादोयेने आधीच रिकामा खण पाहिला."

"मग त्याच्यावर आळ आला तेव्हा बोलला का नाहीत?"

 विदोसावाने आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

रादोयेने ती उचलली, आपल्या जुडग्यात ओवली.

"पाहुणा हवा होता, तर जिन्याला तेराच पायऱ्या आहेत, बाई," तो म्हणाला, आणि पहाऱ्यावर गेला.