कोड न लावता

"तीन टन बर्फ पायजे, साडेचारच्या आत, नवापूरच्या बंदरावर. आणि मागच्यासारखा नुसता चुरा पाठवू नका…"

हेमांगीने रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात ती चार वर्षं रिसेप्शनवर बसत होती. आजवर फोनवर लोकांनी तिच्याकडे रंग मागितला होता, रिकामे ड्रम मागितले होते, हरवलेल्या ट्रकचा पत्ता मागितला होता. बर्फ कोणी मागितला नव्हता. "रॉंग नंबर," म्हणून तिने फोन ठेवला. दहा मिनिटांत तोच आवाज परत आला, आणि अर्ध्या तासाने तिसऱ्यांदा. आता त्या आवाजाला घाम फुटल्यासारखा वाटत होता. होड्या लागायची वेळ झाली होती आणि बर्फाचा पत्ता नव्हता.

हेमांगीला त्याची दया आली. तिने त्याला तो लावत असलेला नंबर वाचायला सांगितलं. सहा आकडे त्याने बरोबर वाचले. तिच्याच टेबलावरचे होते ते.

"बर्फाचा कारखाना आहे कुठे?"

"डहाणूला."

"मग कोड लावला का?"

"कसला कोड?" तो म्हणाला.

मग तिने त्याला समजावलं, की नवापूर आणि बोईसर दोन्ही पालघरच्या ०२५२५ मधली. तिथून नुसते सहा आकडे दाबले की फोन इथेच येणार. डहाणूचा कोड वेगळा, ०२५२८. तो आधी लावला की तेच सहा आकडे बर्फवाल्याकडे जातील. पलीकडे भिंतीवरचा कागद चाचपल्याचा आवाज आला. तो नवापूरच्या मच्छीमार सोसायटीत पंधरा दिवसांपूर्वी कामाला लागला होता. आधीच्या कारकुनाने भिंतीवर नंबरांची यादी चिकटवली होती, आणि खाऱ्या हवेने कागदाची डावी कड कुजून गेली होती, कोडांसकट. बंदरावर कुठेच मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून सगळा कारभार जुन्या फोनवर.

"म्हंजे पाचाच्या जागी आठ," तो शेवटी म्हणाला. "एवढ्यासाठी मी तुमच्याकडं बर्फ मागत होतो."

"आणि वर चुरा नको म्हणत होतात."

तो हसला. हेमांगीने फोन ठेवला, तरी ते हसू कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराला त्याने फोन केला. बर्फ वेळेवर आला, एवढंच सांगायचं होतं. आपलं नाव प्रीतम असल्याचंही त्याने सांगितलं, ते कोणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याला वाड्याचा कोड हवा होता. चौथ्या दिवशी वसईचा. सातव्या दिवशी त्याने नाशिकचा विचारला, तेव्हा नवापूरच्या मासळीचं नाशिकला काय काम, असं हेमांगीने विचारलं.

"काम काय नाय," तो म्हणाला. "जवळचे कोड संपले."

तिने ओठ दाबून हसू आवरलं. समोर सोफ्यावर दोन विक्रेते बसले होते.

कोडांच्या गोष्टी मात्र तिच्याकडे खरंच होत्या. चिंचणीला तिच्या घरी प्रेमलाआत्या होती, पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. प्रीतमने विचारलं, की कोड आला तरी कधी? तर हेमांगी रात्री जेवताना आत्याला विचारी आणि सकाळी अकराला त्याला सांगे. आत्या नोकरीला लागली तेव्हा कोड वगैरे काही नव्हतं. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि एक्स्चेंजच्या बाकावर डबा घेऊन बसायचं. मग एसटीडी आली, आणि स्वतः आकडे फिरवून मुंबई लागते हे लोकांना खरंच वाटेना. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर मोठ्या दिमाखात कोड छापला जाऊ लागला. मधे काही वर्षं जवळच्या गावांना शून्याऐवजी पंच्याण्णव लावायचे दिवस आले आणि गेले. आता बाजारातल्या पाट्यांवर ०२५२५ तसाच आहे, त्यापुढचे बहुतेक फोन मेलेत.

"आत्याबाईंनी सगळ्यांचं बोलणं ऐकलं असंल," प्रीतम म्हणाला.

"ऐकायचं नसतं, पण कानावर पडतं. ती म्हणते, माणूस खरं बोलायच्या आधी थोडा थांबतो."

तो थांबला. एवढा थांबला की हेमांगीला मागे समुद्रावरचा वारा ऐकू आला. मग म्हणाला, "माझा मोबाइल नंबर लिवून घ्या ना…"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातात पेन होतं, पुढ्यात कागद होता. आणि तोंडातून आलं ते असं, की कंपनीच्या फोनवर असले नंबर मी लिहून घेत नाही. त्याने बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी फोन आलाच, पण नंबराचा विषय त्याने परत काढला नाही, आणि तिलाही काढता येईना.

त्यानंतर हेमांगीचं चित्त ठिकाणावर राहीनासं झालं. साडेदहापासून ती घड्याळाकडे बघे. अकराला दुसऱ्याच कोणाचा फोन आला, तर त्या बिचाऱ्याशी फणकाऱ्याने बोले. न पाहिलेल्या माणसासाठी आपण असं का करतोय, हे तिला कळत नव्हतं. ती वाडवळांची, वाडीत वाढलेली. तो मांगेला, होड्यांवर वाढलेला. चिंचणी ते नवापूर अंतर फार नाही, पण सोयरीक म्हटली की तेवढंच खूप लांब पडतं. त्यातच वडिलांनी, वामनरावांनी, विरारचं एक स्थळ आणलं. मुलगा विक्रम, इंजिनियर. येत्या रविवारी पाहायला यायचे होते. हे तिने प्रीतमला सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवी, आणि रोज फोन ठेवल्यावर तिला आठवे.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. शुक्रवारपासून बोईसरचा हा नंबर बंद. सगळे फोन मुंबईच्या ऑफिसात जातील, ०२२ वर. तिलाही एक तारखेपासून मुंबईला बसायचं होतं, नसेल जमत तर तसं कळवायचं. ती टेबलाशी परत आली तेव्हा अकराला पाच मिनिटं होती. आज सगळं सांगायचं, तिने ठरवलं.

त्या दिवशी फोन आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी तिने स्वतःच सोसायटीचा नंबर लावला. रिंग जात राहिली, उचललं कोणी नाही. गुरुवारीही तेच. आता त्याला कळलं असेल का रविवारचं? की नुसताच कंटाळला? की समुद्रावर काही झालं? ती उठे, पाणी पिई, बसे, परत उठे. शुक्रवारी बाराला लाइनमन आला आणि त्याने वायर काढली. हेमांगीने मेलेला रिसीव्हर एकदा कानाला लावून पाहिला. मग पर्स उचलली, वॉचमनला सांगितलं की नवापूरला जाऊन येते, आणि शेअर रिक्षात बसली.

सोसायटी बंदराशीच होती. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. सावलीत एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. हेमांगीने प्रीतमचं नाव काढताच तिने हिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. आपण त्याची आजी रखमाबाई, असं तिने सांगितलं.

"सोमवारपासून फोन मेलाय. रस्ता खणला नं, वायर तोडली," ती म्हणाली. "हा चार दिवस नुसता पिंजऱ्यात घातल्यासारा. होड्या लागलेल्या, जाता येईना. आज फटफटी घेऊन गेला बोईसरला. कारखान्याच्या फोनवाल्या बाईला भेटायला."

हेमांगी तिथेच पायरीवर बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. म्हातारीने न विचारता तिच्या पुढ्यात सुकटाचा ढीग सरकवला, आणि ती मुकाट्याने निवडू लागली.

तासाभराने मोटारसायकल थांबली. हेमांगीची तिकडे पाठ होती. कुणीतरी दमून म्हणालं, "आजी, ती तिकडं नाय. वॉचमन बोलतो, नवापूरला गेली…"

तो आवाज तिने हजारांत ओळखला असता. ती वळली. उन्हाने रापलेला, उंच, कपाळावर हेल्मेटचा वळ असलेला माणूस. त्यानेही तिला पाहिलं.

फोनवर एवढं बोलणारी ती दोघं आता खाली बघत उभी राहिली. रखमाबाई सूप उचलून आत गेली.

"तुम्ही असे असाल, असं वाटलं नव्हतं," हेमांगी म्हणाली.

"कसा वाटलो होतो?"

"ठेंगणे."

तो हसला. मग मात्र तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. बंद झालेला फोन, मुंबईची बदली, रविवारचे पाहुणे. ऐकता ऐकता त्याचं हसू मावळलं.

"तुमाला जायचंय?" त्याने विचारलं. "मुंबईला… विरारला?"

"नाही."

"मग मी उद्या आईला घेऊन चिंचणीला येतो." तो क्षणभर थांबला. "मला तुमी आवडता. दिसायच्या आधीपासून. घरचे काय बोलायचं ते मला बोलू देत, तोंडावर."

"बाबा नाही म्हणतील."

"आणि तुमी?"

तिच्या बोटांना सुकटाचा वास होता. तरी तिने हात पुढे केला. तो त्याने धरला… अगदी सांभाळून.

त्या संध्याकाळी हेमांगीने घरी सांगितलं. वामनराव जेवले नाहीत. प्रेमलाआत्याने भावाला एवढंच सांगितलं, की रविवारच्या पाहुण्यांना मी कळवते, पोरगी दारात उभी राहून नाही म्हणाली तर जास्त शोभा होईल.

शनिवारी प्रीतम आईबरोबर आला. त्याने पाणी घेतलं आणि सरळ विषयाला हात घातला. वामनरावांनी त्याला शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, घर विचारलं. मग ते उठून वाडीत निघून गेले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. प्रीतमची आई पदराशी चाळा करत होती. हेमांगी स्वयंपाकघराच्या दाराआड एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. तासाभराने ते परतले. पाय धुतले. कोणाकडेही न बघता ओसरीवर बसले.

"प्रेमला," ते म्हणाले, "यांचं जेवण व्हायचं असेल. पानं घ्या."

आत्याने आत येऊन हेमांगीच्या हातात ताटं दिली. ती बाहेर आली तेव्हा प्रीतम मान खाली घालून पाटावर बसत होता. तिने त्याच्या पानात भात वाढला, जरा जास्तच. त्याने वर पाहिलं, आणि पुरे म्हणायचं विसरला.