शेपटीपासचा आवाज

यवतमाळच्या धावपट्टीलगतच्या शेडमध्ये मी विमानदुरुस्ती शिकवतो. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. एकानं आत बसून दांडा ओढायचा. दुसऱ्यानं शेपटीपाशी उभं राहून मागची फळी वर गेली की खाली, ते ओरडून सांगायचं. दांडा मागं ओढला की फळी वर जायला हवी, तरच विमानाचं नाक वर उठतं; पण आतून शेपटी दिसत नाही.

गझाला आर्णीच्या रहमत मिस्त्रींची मुलगी. इतका नेटका हात मी क्वचितच पाहिला. त्या सकाळी तिनं शेपटीच्या नव्या तारा जोडल्या आणि तपासणीची सही मी न बघताच करून टाकली.

"सर, तुम्ही शेपटीपाशी उभे कुठं राह्यले?"

"तुझ्या कामात काय पाह्यचं?"

"मंग मले शिकवलं कायले?"

शिकाऊ वैमानिक नयन दहाला उडणार होता. "गझालाबाई, आज उडू देता का दिवाळीनंतर?"

"तू पडला तं दिवाळी कोण करन?"

मी वरमलो. "बस आत, आलोच." नयन धावपट्टीवरच्या बकऱ्या हाकलायला गेला. तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला.

"पोरगी बराबर काम करून राह्यली ना, सर?" रहमतभाई विचारत होते.

मी भरभरून बोललो. दहा मिनिटं तरी गेली असतील. परत आलो तर गझाला खाली उतरून उभी होती, चेहरा उतरलेला.

"बरं झालं तुम्ही सांगितलं, सर. तारा उलट्या लागल्या. मी दांडा मागं ओढला अन् तुम्ही म्हणाले, 'खाली'."

"मी?"

"तीनदा. तिसऱ्यांदा तं चिडूनच."

मी स्वतः पाहिलं. फळी खरंच उलटी हलत होती. उडायला दांडा ओढला असता, तर नाक सरळ जमिनीत.

तिनं कुणी न सांगता नोंदवहीत लिहिलं, 'जोडणी उलटी. चूक माझी.' मी त्याखाली लिहिलं, 'सही न बघता. चूक माझी.' माझ्या सगळ्या नोकरीत तिच्याइतकं सरळ वाक्य आधी कुणी लिहिलं नव्हतं.

नयन परतला. सगळं ऐकून त्याची थट्टा थांबली.

तासाभरात तिनं तारा पुन्हा जोडल्या. या वेळी मी शेपटीपाशी उभा राहिलो, नयन माझ्या शेजारी. मागं फक्त भिंत.

"ओढते, सर!"

फळी वर उठली.



"वर," माझा आवाज म्हणाला.

"आता बराबर," आतून गझाला हसली.

नयन माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत होता.