रोमनची कॅडिलॅक दान केल्यावर

ही घटना खरी आहे. तुम्हाला पटलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण आर्लीन खोटं बोलत नाही, एवढं मी लिहून देईन. मिशिगनच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या टेबलांवर अर्धं आयुष्य काढलं. जे दिसलं नाही, ते तिनं कधी नोंदवलं नाही.

फेब्रुवारीतली दुपार होती. सॅगिनॉ नदीजवळचं तिचं घर. अंगणात गुडघाभर बर्फ.

तिचा नवरा रोमन ऑगस्टमध्ये गेला. तेव्हापासून आर्लीन रडली नव्हती. हसलीही नव्हती. जेवण गिळायचं, बातम्या लावायच्या, झोपायचं.

"दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं झालंय," ती मला म्हणाली होती. "फक्त सगळीकडे."

रोमनची गाडी मात्र गॅरेजमध्ये होती. चौसष्ट सालची फिकट निळी कॅडिलॅक, होडीसारखी लांब. हिवाळ्यात तो ती कधीच बाहेर काढत नसे. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं म्हणून.

आर्लीनला वाटलं, ही गाडी हलली तर आत काहीतरी हलेल. दुःख तर दुःख. काहीही चालेल.

म्हणून तिनं ती दान केली. म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण देणाऱ्या एका संस्थेला.

धाकटा दीर चेस्टर खवळला.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? रोमननं मला कधी तिला हात लावू दिला नाही, आणि तू ती सूप वाटणाऱ्यांना देतेस?"

"तुला दिली असती तर अंगणाबाहेरच कुठंतरी ठोकली असतीस."

"ते खरंय," चेस्टर म्हणाला.

गाडी न्यायला सपाट ट्रक घेऊन ड्वेन नावाचा माणूस आला. "बाई, नक्की ना? नाहीतर मी हिच्यासकट पळून जाईन हं," तो हसत म्हणाला. आर्लीननं मालकीच्या कागदावर सही केली. नंबरप्लेट काढून घेतली. किल्ल्या दिल्या.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला.

तिनं वाट पाहिली...

आत काहीच हललं नाही.

दिवेलागणीला ती स्वयंपाकघरात सूप गरम करत होती. भिंतीपलीकडे घरघर झाली.

गॅरेजचं दार वर जात होतं.

ती गेली. आत कोणी नव्हतं. रिकामी फरशी, आणि आत शिरणारी थंडी. मग तिच्या लक्षात आलं... दाराचा रिमोट गाडीतच राहिला होता. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेला अडकवलेला. इथं दर दुसरा माणूस गाडी विकताना हेच विसरतो.

तिनं ड्वेनला फोन केला.

"अरे हो, तुमचा रिमोट! मी काढून ठेवलाय. माझ्याच खणात आहे. उद्या टपालात टाकतो."

"आत्ता कोणी दाबला का?"

"बाई, मी दोन गावं पलीकडे आहे. ते खेळणं तुमच्या फाटकापलीकडून चालायचं नाही."

हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दार पुन्हा उघडलं. त्याच वेळी. रोमन रविवारी फेरफटका मारून यायचा, तेव्हाच.

टपालानं रिमोट आला. आर्लीननं त्यातली बॅटरी काढली. रिमोट टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिली.

बाहेर अंधारून आलं.

रिमोट निपचित पडलेला...

आणि भिंतीपलीकडे घरघर.

तिला भीती वाटायला हवी होती. ती स्वतःला चाचपून पाहत होती, म्हणाली, जीभ बधिर गालाला लावून पाहावी तशी. भीती सापडली नाही. तिनं शिडी लावली आणि दाराच्या मोटरची वायरच सॉकेटमधून उपटली.

त्या संध्याकाळी दार उघडलं नाही.

आर्लीन सूप ढवळत होती. शांतता होती.

मग बाहेर... इंजिन.

मोठं, जुनं, संथ. गॅरेजच्या बंद दाराशी उभं राहून वाट पाहणारं. बराच वेळ. मग तेही थांबलं.

ती टॉर्च घेऊन बाहेर गेली. रस्त्यापासून गॅरेजपर्यंत नव्यानं पडलेल्या बर्फावर चाकाची एकही खूण नव्हती. पण दारासमोर बर्फ वितळला होता. एक लांबट चौकोन, कॅडिलॅकएवढा. तिनं हातमोजा काढून ओल्या सिमेंटला हात लावला.

कोमट होतं.

रविवारी समोरची बर्निस आली. हातात भाजलेल्या बटाट्यांचं भांडं, तोंडात चौकशा.

"कोण गं येतं तुझ्याकडे संध्याकाळचं? एवढी मोठी निळी गाडी! आणि इंजिन बंद करायला काय होतं त्यांना? धूर माझ्या खिडकीत येतो."

"किती जण असतात?" आर्लीननं विचारलं.

"म्हणजे काय? तुला माहीत नाही?" बर्निस हसली. "चालवणारा अंधारात दिसत नाही. पण त्याच्या शेजारी बसलेली बाई दिसते की! आधी मला वाटलं, तूच. तेच केस, तशीच मान. हाक मारणार होते."

"मग?"

"मग तुझ्या स्वयंपाकघरात दिवा दिसला. खिडकीत तू उभी. मग ती कोण, तुझी बहीण का?"

आर्लीनला बहीण नाही.

"काय हसते गं ती!" बर्निस म्हणाली. "मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मध्येच रडते, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. पुन्हा हसते. तुझ्यासारखी दिसते, पण तू काही अशी नाहीस बाई."

हे सगळं आर्लीननं मला गेल्या आठवड्यात सांगितलं, तिच्याच स्वयंपाकघरात, सपाट आवाजात. पाण्याच्या नमुन्याचा अहवाल वाचावा तसं. बाहेर उजेड कमी होत होता. मला निघायचं होतं.

"मोटरची वायर मी आज परत लावली आहे," ती म्हणाली. "दार उघडेल. मला फक्त एवढंच ठरवता येत नाहीये... तिला इथं उतरवून घ्यायचं, की मी जाऊन तिच्या जागी बसायचं?"

मी कोट चढवला आणि निघाले.

परत जाताना गॅरेजसमोरून जावं लागतं. मी घाईनं गेले, खाली न बघता. माझ्या बुटाखाली बर्फ नव्हता.